पूर्वीच्या बायका

बटर पेपरच्या चौकोनावर पांढरी भुकटी — चिमटीतही धरता येऊ नये इतकी — आणि काट्याच्या काचेआड लुकलुकणारे आकडे : अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, पुन्हा अठ्ठ्याण्णव. शंभर मिलिग्रॅमला अजून दोन कण हवेत... ज्योत्स्नाने चमच्याचं टोक अलगद कागदावर नेलं आणि नेमका तेव्हाच डाव्या दंडावरचा पट्टा गुरगुरला, फुगायला लागला. आता हलायचं नाही. बोलायचं नाही. हात अंगालगत सैल सोडायचा, श्वास नेहमीसारखा ठेवायचा — आणि नेहमीसारखा ठेवायचा म्हटलं की श्वास कुठला नेहमीसारखा राहतो! दंड आवळत गेला, आवळत गेला, बोटांच्या टोकांत नाडी ठकठकायला लागली, मग फुस्स... फुस्स... करत पट्टा एकेक पायरी उतरला आणि सैल पडला. तिने तोंड बाजूला वळवून श्वास सोडला. भुकटी जागची हलली नाही ना, हे आधी पाहिलं.

"प्रेशर किती आलं, मॅडम?" दारातून मोनालीने विचारलं. तीन वर्षांपूर्वी कामाला लागलेली पोरगी, सगळं जाणून घ्यायची घाई.

"यावर दिसत नाही गं. उद्या सकाळी डॉक्टरांच्या संगणकावर दिसेल."

कमरेला अडकवलेलं यंत्र, तिथून ओढणीखालून दंडापर्यंत गेलेली नळी, आणि सोबत एक कार्ड. चोवीस तास, दर अर्ध्या तासाने. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पट्टा आवळेल तेव्हा काय करत होता ते लिहा. मनात काही चाललेलं असेल तर तेही लिहा. ज्योत्स्नाने लिहिलं — दहा चाळीस, उभी, वजन करत होते. मनाच्या रकान्यात तिने रेघ ओढली.

ती भुकटी म्हणजे केळीचं हार्मोन. तेवीस वर्षं ती या प्रयोगशाळेत हेच मोजत आली होती. बरणीतल्या जेलीवर कोंबाचा नखाएवढा तुकडा ठेवायचा, जेलीत हे हार्मोन नेमकं असलं की एका कोंबाचे पाच होतात, पाचांचे पंचवीस, आणि वर्षा-सव्वा वर्षाने ती रोपं सावदा-रावेरकडच्या शेतांत उभी राहतात. कमी पडलं की कोंब नुसता बसून राहतो, हिरवागार, पण वाढायचं विसरलेला. जास्त झालं की माजतो, बुटक्या जाड पानांचा गुच्छ होऊन बसतो. सगळा खेळ नेमकेपणाचा... आणि दहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या हार्मोनच्या गोळ्यांच्या पाकिटावर तिने 'एक मिलिग्रॅम' वाचलं तेव्हा तिला हसू आलं होतं. एवढंसं तर माझ्या चमच्याच्या टोकाला चिकटून राहतं.

एवढंसं. पण त्या एवढ्याशाने काय परत आणून दिलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. पाळी गेली तेव्हा सुटले एकदाची असं वाटलं होतं, आणि मग सुरू झालं ते. बरं चाललेलं असताना छातीच्या मधोमध कोणीतरी चूल पेटवायचं, जाळ मानेवरून कानांत, टाळूत चढायचा, कपडे अंगाला चिकटायचे, आणि पाच मिनिटांनी काहीच नाही, नुसती थंडगार घामट पाठ. दिवसातून बारा-पंधरा वेळा. झोप तर गेलीच. मे महिन्यात अख्खं जळगाव पंचेचाळीस अंशांवर भाजत असताना तिला बाहेरचा उन्हाळा कळतच नव्हता, आतलाच मोठा होता. रोपांच्या थंड खोलीत काम काढून ती उभी राहायची. एकदा हार्मोनचा हिशेब करताना दशांशचिन्ह एक घर सरकलं. हजारो बरण्या वाया गेल्या. साहेब एक शब्द बोलले नाहीत आणि तेच जास्त लागलं. त्या संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली ती उजाडल्यावर. ती उशीवर तशीच पडून राहिली. आपण झोपलो होतो, हे कितीतरी वेळ तिला खरं वाटेना.

आणि आता हे. वर्षाच्या तपासणीत रक्तदाब एकशे बावन्न, खालचा अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजला तरी तेवढाच.

"गोळी पोटात जाते, तिथून यकृतात, आणि मग रक्तात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "काहीजणींचं प्रेशर त्याने वर जातं. सगळ्यांचं नाही. तुमचं गोळीने गेलंय, वयाने गेलंय की इथे माझ्यासमोर बसल्याने गेलंय, ते आधी कळू दे. मग ठरवू. गोळीऐवजी कातडीवर लावायचं जेल असतं, ते यकृतातून जात नाही. नाहीतर प्रेशरची गोळी जोडू. पण मनाने काही बंद करू नका."

नवऱ्याला, हितेंद्रला, मात्र गोळ्या बंद व्हायला हव्या होत्या. तो शाळेत गणित शिकवायचा आणि भीती वाटली की आलेख काढायचा. रक्तदाबाचं यंत्र त्याने त्याच दिवशी विकत आणलं, भिंतीवर चौकटीचा कागद चिकटवला, सकाळ-दुपार-संध्याकाळ, लाल ठिपका वरचा, निळा खालचा. पापड, लोणचं, खारातल्या मिरच्या, सगळं माळ्यावर. गेल्या रविवारी त्याने स्वतः वांगी भाजून भरीत केलं, बिनमिठाचं, आणि तिच्यासमोर बसून तेच जेवला, चेहरा अजिबात वाकडा न करता. एवढा जीव लावणाऱ्या माणसावर रागावायचं तरी कसं? आज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर तिच्या ओढणीखाली नळी नीट लपवताना तो म्हणाला, "सोडून दे ना त्या गोळ्या. पूर्वीच्या बायका घेत होत्या का काही? निघालंच ना त्यांचं!"

निघालं.

मोनाली बरण्यांची ट्रॉली ढकलत गेली. ज्योत्स्नाने भुकटी पाण्यात सोडली, काचकांडीने ढवळली. निघालं... पूर्वीच्या किती बायका माहीत आहेत मला? एकच तर माहीत आहे.

माहेरी, असोद्याच्या मळ्यात, केळीच्या दोन ओळींच्या मधल्या पाटात, पाण्यात आडवी झालेली आई. भर दुपारी. लुगडं चिंब, डोळे मिटलेले, पाण्यावर पसरलेला पदर. लोटन सालदाराने आधी पाहिलं आणि तो ओरडत गावात आला, त्याला वाटलं गेलीच. आईला तेव्हा पंचेचाळिसावं. त्यानंतर दीड-दोन वर्षं ती अशीच, स्वयंपाक करता करता उठायची, अंगणात जायची, घागर डोक्यावर उपडी करायची, ओल्या पोत्यावर जाऊन पडायची. बाया म्हणायच्या, बेबाबाईला बाहेरचं झालंय. नानांनी, म्हणजे वडिलांनी, भगताकडे नेलं, लिंबू उतरवले, ताईत बांधला. आई ताईत बांधू द्यायची. ती कशालाच नाही म्हणायची नाही. फक्त एकदा, ज्योत्स्ना समोर उभी होती तेव्हा, म्हणाली होती, "आंगात आगीचा डोंब उठते व माय," आणि बी.एस्सी. झालेली ज्योत्स्ना म्हणाली होती, "काहीतरीच."

मग धुळ्याची मंडळी बघायला आली. मुलगा बँकेत. पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि आई मधूनच उठून अंगणात गेली, तिने घागर डोक्यावर उपडी केली. दार उघडंच होतं, सगळ्यांना दिसलं. आठव्या दिवशी निरोप आला : मुलगी चांगली आहे, पण आईच्या डोक्याचं आधी बघा.

पट्टा फुगला. ज्योत्स्ना पुतळ्यासारखी उभी राहिली. कार्डावर तिने वेळ लिहिली, 'ढवळत होते' लिहिलं, आणि मनाच्या रकान्यापाशी पेन थांबलं... थांबलं तसंच तिने ते खिशात ठेवलं. मग साहेबांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा मागितली. हितेंद्रला फोन केला. "असोद्याला जाऊन येते. रिक्षाने. शाळा सुटली की तिकडेच या न्यायला."

"काय झालं? चक्कर येतेय का?"

"नाही हो. आईला भेटावंसं वाटलं."

"उन्हात डोकं झाकून जा," तो म्हणाला.

फाल्गुन संपत आला होता. रिक्षात तिच्याशिवाय दोघी बाजार करून परतणाऱ्या बाया, मधे पालकाच्या जुड्या. शहर मागे पडलं, केळीचे मळे सुरू झाले, आणि ज्योत्स्नाच्या मनात जे तीस वर्षं एका जागी बसून होतं ते उठून उभं राहिलं.

तेव्हा वैशाख होता. यावेळी रावेरकडची मंडळी येणार होती — हितेंद्रची. नानांनी सांगायचं ठरवलं होतं, हिची आई माहेरी गेलीय, तिचा भाऊ आजारी आहे. आईला कोणी काही बोललं नाही; तीच सकाळी म्हणाली, मी मागच्या खोलीत बसते. मागची खोली पत्र्याची. त्या वर्षी भाव नव्हता म्हणून कापूस विकलेला नव्हता, आढ्यापर्यंत भरलेला. आई आत गेली, भिंतीशी बसली, दार तिनेच ओढून घेतलं. एवढ्यावर सगळं झालंच होतं की. पण अंगणात जीप थांबल्याचा आवाज आला आणि नव्या साडीतली, बावीस वर्षांची ज्योत्स्ना मागे धावत गेली... कोणी सांगितलं नव्हतं. नानांनी नाही, काकूने नाही. माझं मीच. कडी वर उचलली, कोयंड्यात घातली.

पावणेदोन तास. चहा, पोहे, मुलीला दोन प्रश्न, याद्यांचं बोलणं. हितेंद्रने विचारलं होतं, कुठला विषय आवडतो, आणि ती म्हणाली होती, वनस्पतिशास्त्र, आणि त्या पूर्ण वेळात मागून एकदाही दार वाजलं नव्हतं. वाजलं असतं तर बरं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं, वाजू नये. जीप गेल्यावर तिने कडी काढली. आई भिंतीला टेकून बसलेली, चेहरा तांबडालाल, केस भिजून कपाळाला चिकटलेले, आणि त्या ओल्या कपाळावर कापसाचे तंतू. आईने वर पाहिलं आणि विचारलं, "पसंत पडली का?"

त्यावर कधीच बोलणं झालं नाही. लग्न झालं, मुलगी भूमिका झाली, नाना गेले. हितेंद्रला आजही वाटतं, त्या दिवशी सासूबाई माहेरी होत्या. आणि दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा छातीत चूल पेटली ना, तेव्हा डॉक्टर नाही, वय नाही, आधी ती पत्र्याची खोली आठवली. असं होतं तर ते. हे घेऊन ती तिथे बसली होती. गोळ्यांनी चूल विझली तेव्हा बरं वाटलं आणि लगेच अपराधीही वाटलं, आईच्या वाट्याचं काहीतरी आपण परस्पर घेतल्यासारखं. म्हणून आकडा वाढल्याचं कळलं तेव्हा हितेंद्र घाबरला, पण मी... मी आतून म्हटलं, बरोबर आहे.

रिक्षा थांबली. उतरताना पट्टा पुन्हा आवळला आणि ती रस्त्याच्या कडेला हात सोडून उभी राहिली, पालकवाल्या बाया मागे वळून बघत गेल्या.

भाऊ ललित बायकोमुलांना घेऊन धरणगावला लग्नाला गेला होता. घरात आई एकटीच. ओट्यावर पाय पसरून चिंच फोडत बसलेली, एका बाजूला गर, एका बाजूला चिंचोके. शहात्तर वर्षांची, वाळून खारकेसारखी झालेली, पण हात अजून चपळ.

"जोस्ना? अशी मधीच कशी आली व?" मग दंडाकडे नजर गेली. "हे काय बांधलं?"

"ब्लडप्रेशरचं हे, आई. दिवसभर ठेवाचं." गावात पाय ठेवला की तिची जीभ आपोआप वळायची.

"मंग ऊन्हात काहाले फिरते? बस अठी." आईने चिंचोके बाजूला सारले, पाण्याचा तांब्या पुढे केला. ज्योत्स्ना बसली, एक चिंच हातात घेतली, टरफल काढायला लागली. गोळ्यांचं सांगितलं. आगीचं सांगितलं. प्रेशर वाढलं, जावई पूर्वीच्या बायकांचा दाखला देऊन बंद कर म्हणतात, हेही सांगितलं. आई ऐकत होती, हात चालूच. एकदाच थांबून म्हणाली, "तुलेबी झालं व्हय ते?" त्या स्वरात एवढी माया होती की ज्योत्स्नाच्या हातातली चिंच तिथेच राहिली, आणि जे बोलायला शब्द जुळवत आलो होतो ते सगळे सांडले, उरलं एकच वाक्य.

"आई, ती कडी मी लावली व्हती."

आईने विचारलं नाही, कोणती. वर पाहिलं. तिचे ओठ हलणार तेवढ्यात दंडावरचा पट्टा गुरगुरला आणि ज्योत्स्नाने डोळ्यांनीच सांगितलं — बोलता येत नाही, हलता येत नाही. हात सैल. श्वास नेहमीसारखा. पुढचा अर्धाएक मिनिट तिला फक्त ऐकता येणार होतं.

"मले मालूम हे," आई म्हणाली. "तुह्या हातात नव्या बांगड्या व्हत्या. कडी लावतांना वाजल्या. नानाचा हात असता त बांगड्या कशा वाजतीन?" ती हसली, दात नसलेलं. "मले वाईट नही वाटलं व. खरं सांगू का... तठी पान्यानं भरेल रांजन व्हता. त्याले पाठ लावून बसली मी. गारगार. कडी लागली, म्हनलं आता कोनी येत नही, कोनी पाहत नही. दोन वर्सांत पहिल्यांदा निजली. सारे लोक गेले तरी मले उठूच वाटे ना."

पट्टा सैल झाला. रांजण? त्या खोलीत रांजण होता? कापूस होता, आढ्यापर्यंत, पाय ठेवायला जागा नव्हती... की दाराच्या डाव्या अंगाला थोडी मोकळी जागा होती? रांजण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असायचा, तिथून पाणी भरलेलं मला आठवतं. पण त्या उन्हाळ्यात? पाहुणे येणार म्हणून स्वयंपाकघर आवरलं होतं, तेव्हा कोणी मागे हलवला असेल का? तिने त्या उघडलेल्या दारात पुन्हा उभं राहून पाहायचा प्रयत्न केला. आईचं तांबडं तोंड दिसलं, कपाळ दिसलं, तंतू दिसले. आईच्या पाठीमागे काय होतं ते दिसेना. इतकी वर्षं रोज पाहिलेलं चित्र, आणि त्यात आईच्या पाठीमागची जागा आपण कधी पाहिलीच नव्हती.

विचारावं. रांजण खरंच होता का व, आई? ललितला आठवत असेल. काकू अजून आहे, तिला आठवेल.

"कशी असते ती गोळी? हे का तुह्यापाशी?" आई म्हणाली.

ज्योत्स्नाने पर्स उघडली. आईने पाकीट डोळ्यांजवळ नेलं, गोळीच्या एका घरावरून अंगठा अलगद फिरवला, जसा ती ज्योत्स्नाच्या लहानपणी तिच्या खरजेच्या पुळीवरून फिरवायची.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

"अन् हिच्यानं झोप येते?"

"येते."

समोर कुंपणावर एक कावळा येऊन बसला, उडाला. आई पाकिटाकडे बघतच होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते ज्योत्स्नाने आधी कधी पाहिलं नव्हतं. दुकानाच्या काचेआड ठेवलेल्या वस्तूकडे एखादी मुलगी बघते तसं काहीतरी, साधी, उघडी इच्छा, शहात्तराव्या वर्षी.

"मले कोनी देली असती ना," ती हळूच म्हणाली, "त मी घेतली असती व. रोज घेतली असती." मग पाकीट परत देत, नेहमीच्या आवाजात, "डाक्टरले इचारून घेय पन. तुह्या मनानं काही करू नको. अन् जावयाले सांग, पूर्वीच्या बायकाइचं पूर्वीच्या बायकाइले इचारा म्हना."

ज्योत्स्ना हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले. आईने चिंचेचं एक बोटूक उचलून तिच्या हातात ठेवलं. कार्ड खिशात होतं. तिने काढलं, वेळ लिहिली, 'बसून' लिहिलं. मनाच्या रकान्यात काय लिहायचं... आईने रांजण होता म्हटलं, की रांजण होता? त्या डॉक्टरीणबाईंना या आकड्याशेजारी काय सांगायचं? तिने लिहिलं : आईशी बोलत होते. मग 'बोलत' खोडून 'ऐकत' केलं.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. दोघी चिंच फोडत राहिल्या. उद्या आलेख येईल, गोळी राहील की जाईल, जेल मिळेल की आणखी एक गोळी वाढेल, ते उद्याचं उद्या. काय निघेल त्याची भीती होती, थोडी, पण साधी भीती, हितेंद्रच्या भीतीसारखी, आजाराची. 'बरोबर आहे' म्हणणारा तो आतला आवाज बोलत नव्हता. गेला होता की नुसता गप्प बसला होता, कोण जाणे. रांजणाचं विचारायला ती दोनदा तोंड उघडून थांबली, आणि तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं की आपल्याला आता विचारायचं नाहीये. आईने जे दिलं ते उलगडून बघायचं नाहीये. खरं असलं तर खरं, आणि नसलं तर... नसलं तर ते आणखी मोठं होतं, इतकं मोठं की त्याच्यापुढे आपला अपराध कुठे ठेवायचा तेच कळेना.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा ओळखीचा आवाज आला. हितेंद्र लवकर निघालेला दिसत होता, शेवटचा तास टाकून. तो येईल, आधी तिच्या चेहऱ्याकडे बघेल, मग दंडाकडे, मग सासूबाईंच्या पाया पडेल. त्याला सांगावं, त्या दिवशी आई माहेरी गेली नव्हती, तुम्ही वनस्पतिशास्त्राचं विचारत होता तेव्हा ती वीस पावलांवर बसली होती... आजच, घरी जाताना, त्याच्या पाठीमागे बसून? चेहरा दिसणार नाही तेव्हा सांगणं सोपं जाईल. की समोर बसून सांगावं, दिसू द्यावा चेहरा?

स्कूटर दाराशी थांबली. "आले का जावई?" आई म्हणाली आणि पदर सावरायला लागली. ज्योत्स्ना उठली नाही. चिंचेने आंबलेली बोटं तिने आईच्या मांडीवर तशीच राहू दिली, अजून जरा वेळ.